विसराळू सर्व्हर आणि वेब प्रोग्रॅमिंगचं पहिलं पुस्तक

माझी भाची वेब प्रोग्रॅमिंग शिकते आहे. परवा तिचा फोन आला. "मामा, मी लॉगिन केलं की सर्व्हरशी माझी लाइन जोडली जाते आणि लॉगआउट करेपर्यंत ती चालू राहते. म्हणून तो मला ओळखतो. बरोबर ना?"

"नाही," मी म्हटलं. "तो तुला ओळखतच नाही. दर क्लिकला तू त्याच्यासाठी नवीच असतेस."

क्षणभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग वरच्या कोपऱ्यात माझं नाव कसं दिसतं?"

तिच्या हातातलं पुस्तक सहाशेच्या वर पानांचं होतं. त्यातली चारशे पानं तिनं प्रत्येक उदाहरण टाइप करत, मन लावून संपवली होती. लॉगिनचं पान तिनं स्वतः बांधलं होतं आणि ते चालतही होतं. पण लॉगिनच्या प्रकरणात पुस्तकानं एक ओळ दिली होती, ती फाइलच्या सुरुवातीला टाका म्हणून सांगितलं होतं आणि लगेच पुढचा विषय काढला होता. त्या ओळीच्या आत वेबचा अर्धा जीव आहे, हे तिला कळायला मार्गच नव्हता.

"सुरुवातीला कोणतं पुस्तक घेऊ?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. त्यांच्या मनात खरा प्रश्न असतो तो भाषेचा: पीएचपी, पायथन की जावास्क्रिप्ट? ब्राउझरमधलं काम करायला जावास्क्रिप्ट लागणारच. सर्व्हरच्या बाजूला या तिघींपैकी कोणतीही चालेल. एक नीट आली की दुसरी उचलायला फार वेळ लागत नाही. पुस्तक निवडताना मी वेगळंच बघतो. भाचीच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहे का, आणि ते किती पानांत दिलं आहे?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या युरोपातल्या भौतिकी प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९० संपता संपता पहिला सर्व्हर व पहिला ब्राउझर चालवून दाखवला. गरज साधी होती: एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्या संगणकावरून वाचता यावा. त्यामुळे संवादाचे नियमही तितकेच साधे होते. या नियमांचं नाव एचटीटीपी, आणि सुरुवातीच्या एचटीटीपीमध्ये विनंती म्हणजे अक्षरशः एक ओळ असायची: 'गेट' हा शब्द आणि त्यापुढे पानाचा पत्ता. सर्व्हर ते पान पाठवायचा आणि जोडणी तोडून मोकळा व्हायचा. कोण आलं होतं, मघाशी काय मागून गेलं होतं, हे लक्षात ठेवायचं कारणच नव्हतं.

या गुणाला 'स्टेटलेस' म्हणतात. मी त्याला विसराळूपणा म्हणतो, आणि वेबच्या रचनेतली ही मला सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. सर्व्हरला कुणालाच लक्षात ठेवायचं नसेल, तर लाख माणसं येऊन गेली तरी मागे ओझं उरत नाही. एकाच्या जागी पन्नास सर्व्हर उभे केले, तरी तुमची पुढची विनंती त्यांतल्या कोणाकडेही गेली तरी चालते, कारण उत्तर द्यायला जे लागतं ते विनंतीसोबतच येतं. एक यंत्र बंद पडलं तर दुसरं काम उचलतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

भाचीच्या 'लाइन'मध्ये थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. १९९७ साली एचटीटीपी १.१ आलं, तेव्हापासून एकच जोडणी उघडी ठेवून तिच्यावरून एकामागून एक विनंत्या पाठवता येतात. २०१५ च्या एचटीटीपी २ मध्ये तर त्या एकाच वेळी जातात. पण जोडणी उघडी राहिली म्हणून सर्व्हरला स्मरणशक्ती येत नाही. त्या जोडणीवरून आलेली दहावी विनंतीसुद्धा नियमानुसार पहिलीइतकीच अनोळखी असते.

मजकूर वाचण्यापुरतं हे छान चाललं. मग वेबवर दुकानं येऊ घातली आणि पंचाईत झाली. गिऱ्हाइकानं टोपलीत एक वस्तू टाकली, पुढच्या पानावर गेलं, की टोपली रिकामी! १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरला लक्षात ठेवायला लावण्याऐवजी त्यांनी ते काम ब्राउझरकडे दिलं. हीच कुकी.

सामान ठेवायच्या काउंटरवर मिळणारा बिल्ला आठवा. बॅग दिली की हातात क्रमांकाचा बिल्ला येतो. काउंटरवरचा माणूस बदलला तरी अडत नाही, तो तुमचा चेहरा बघतच नाही, बिल्ला बघतो. आता हेच वेबवर बघू. तुम्ही नाव आणि पासवर्ड भरून फॉर्म पाठवता. सर्व्हर पासवर्ड तपासतो, बरोबर निघाला तर एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारा क्रमांक तयार करतो आणि आपल्याकडच्या तक्त्यात लिहितो: हा क्रमांक, हा वापरकर्ता, अमुक वेळेपर्यंत वैध. मग उत्तराच्या माथ्यावर, पान सुरू होण्याआधी, 'सेट-कुकी' अशी एक ओळ जोडून तो क्रमांक पाठवतो. ब्राउझर तो जपून ठेवतो आणि त्यानंतर त्या साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीवर, अगदी छोटंसं चित्र मागतानाही, 'कुकी' अशी ओळ लिहून तोच क्रमांक परत पाठवतो. सर्व्हर क्रमांक वाचतो, तक्त्यात शोधतो, नाव सापडतं आणि ते तुमच्या पानाच्या कोपऱ्यात छापतो. उत्तर धाडलं की पुन्हा कोरा. या तक्त्यातल्या नोंदीला 'सेशन' म्हणतात, आणि भाचीच्या पुस्तकातली ती एक ओळ हे सगळं मुकाट्यानं करत होती.

क्रमांक लांबलचक का हवा? समजा तो १, २, ३ असा चढता दिला. माझा ५०१ असेल तर मी कुकीत ५०० लिहून दुसऱ्याच्या नावावर आत शिरेन. म्हणून तो यादृच्छिक असतो आणि सहसा निदान १२८ बिटांचा. १२८ बिटांत दोनचा १२८ वा घात इतक्या शक्यता मावतात. ती संख्या ३९ अंकी आहे. सेकंदाला एक अब्ज अंदाज लावत बसलं, तरी त्या सगळ्या तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शेकडो अब्ज पट काळ लागेल. म्हणून चोर अंदाज लावण्याच्या भानगडीत पडत नाहीत, ते बिल्लाच पळवतात. २०१० साली फायरशीप नावाचं एक छोटं साधन आलं. खुल्या वायफायवर बसून शेजारच्याची कुकी उचलायची आणि त्याच्या खात्यात जायचं, हे त्यानं एका क्लिकवर आणून ठेवलं. त्या वेळी बऱ्याच मोठ्या साइट फक्त पासवर्ड पाठवण्यापुरतं एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद एचटीटीपी, वापरत आणि नंतरची सगळी ये-जा उघड्यावर चाले. पासवर्ड कुलपात आणि बिल्ला रस्त्यावर. आज सहसा सगळी साइट एचटीटीपीएसवर असते, आणि कुकीसोबत 'सिक्युअर' आणि 'एचटीटीपी-ओन्ली' असे शेरे लावतात: पहिला म्हणजे 'फक्त सुरक्षित जोडणीवरूनच पाठव', दुसरा म्हणजे 'पानातल्या जावास्क्रिप्टला हा वाचू देऊ नकोस'.

हे डोळ्यांनी बघता येतं. संगणकावर ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' हा कप्पा उघडा आणि पान पुन्हा लोड करा. एका पानामागे धावणाऱ्या विनंत्यांची रांग लागते. कोणत्याही एकीवर क्लिक केलं की तिचे सगळे हेडर, म्हणजे 'कुकी'सारख्या माथ्यावरच्या ओळी, समोर येतात. त्यात एक हेडर तुम्ही कोणत्या पानावरून आलात ते सांगतो. त्याच्या इंग्रजी नावात 'आर' हे अक्षर चार वेळा यायला हवं, पण येतं तीनदा. नव्वदच्या दशकात नियम लिहिताना झालेली ही चूक आज जगातला प्रत्येक ब्राउझर इमानानं पाळतो. त्याच ठिकाणी साठवणीच्या कप्प्यात जाऊन एखाद्या साइटच्या कुकी पुसा आणि पान पुन्हा उघडा. बहुतेक वेळा साइट तुम्हाला थेट लॉगिनच्या दारात आणून उभं करते. पासवर्ड तोच, संगणक तोच, माणूस तोच. फक्त बिल्ला गेला.

पुस्तक चाळताना मी आधी शेवटची शब्दसूची उघडतो, ती याचसाठी. 'कुकी', 'सेशन', 'हेडर' हे शब्द आहेत का? असले तर त्यांच्यापुढे एकच पृष्ठांक आहे की सलग दहा-पंधरा पानं? ही पानं फ्रेमवर्कच्या प्रकरणाच्या आधी येतात की नंतर? फ्रेमवर्क म्हणजे नेहमीची कामं आधीच करून ठेवलेला तयार कोडचा सांगाडा. फ्रेमवर्क कामाची असतात, मीही वापरतो. पण पहिल्याच प्रकरणात फ्रेमवर्क बसवायला लावणारं पुस्तक नवशिक्याला त्या फ्रेमवर्कची आज्ञावली शिकवतं आणि वेब तिच्यामागे झाकलेलाच राहतो.

दुसरी खूण म्हणजे डेटाबेसचं पान. वापरकर्त्यानं भरलेला मजकूर एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेतल्या, वाक्यात नुसता चिकटवला असेल, तर पुस्तक खाली ठेवा. ओ'नील आडनावाच्या माणसानं फॉर्म भरला की त्या नावातल्या एका चिन्हानं वाक्य मोडतं, आणि वाईट हेतूनं भरलेल्या मजकुरानं अख्खा तक्ता पुसला जाऊ शकतो. हा धोका १९९८ पासून लिहून ठेवलेला आहे. पासवर्ड जसाच्या तसा साठवणारं उदाहरण दिसलं तरी तेच करा. नवशिक्या पहिलं उदाहरण पुढे कित्येक वर्षं गिरवतो. 'सुरक्षितता शेवटच्या प्रकरणात' हा क्रम मला म्हणूनच मान्य नाही.

वयाच्या खुणा तशा सोप्या आहेत. जावास्क्रिप्टच्या पुस्तकात सगळीकडे 'व्हार' हाच शब्द असेल आणि 'लेट' व 'कॉन्स्ट' हे शब्द कुठेच नसतील, तर ते २०१५ च्या आधीच्या वळणाचं. पीएचपीच्या पुस्तकात 'मायएसक्यूएल' या शब्दानं सुरू होणारी जुनी फंक्शन्स असतील, तर ती २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकलेली आहेत. पायथनच्या उदाहरणात 'प्रिंट'पुढे कंस नसेल, तर ती पायथन २ आहे. तिची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. मात्र जुन्या पुस्तकातलं एचटीटीपीचं प्रकरण चांगलं असेल तर तेवढं अवश्य वाचा. विनंती, प्रतिसाद आणि कुकी यांचा मूळ सांगाडा अजून तोच आहे.

आणि पुस्तक तुम्हाला चुका करू देतं का, हे बघा. मुद्दाम चुकीचा पत्ता टाकायला लावून ४०४ हा 'पान सापडलं नाही'चा क्रमांक दाखवणारं, सर्व्हरचा कोड मोडायला लावून ५०० दाखवणारं पुस्तक मला आवडतं. ४०४ हा सर्नमधल्या एका खोलीचा क्रमांक होता आणि पहिला सर्व्हर तिथे होता, ही गोष्ट अजून फिरते. बर्नर्स-ली यांचे सहकारी रोबेर काइयो यांनी ती स्वतः खोटी ठरवली आहे. पहिला अंक ४ म्हणजे चूक मागणाऱ्याच्या बाजूची, ५ म्हणजे सर्व्हरच्या बाजूची; ४०४ हा त्या पहिल्या गटातला नुसता एक क्रमांक. मुखपृष्ठावरचं 'एकवीस दिवसांत' किंवा 'चोवीस तासांत' मला त्या खोलीच्या गोष्टीइतकंच निराधार वाटतं. आता तर 'एआय कोड लिहून देतो, पुस्तक कशाला?' असंही ऐकू येतं. एआय लॉगिनचं पान क्षणात लिहून देतो, हे खरं आहे. पण कुकीला 'सिक्युअर'चा शेरा लावायचा राहिला, तर ते बघणाऱ्याला कळायला हवं, आणि ते कळण्यासाठी आधी बिल्ला म्हणजे काय हे माहीत असावं लागतं.

भाचीनं त्याच रात्री स्वतःच्या प्रकल्पातली कुकी पुसून पाहिली. मग पुन्हा लॉगिन करून दुसरा ब्राउझर उघडला, तिथे लॉगिन न करता पहिल्यातला क्रमांक तिथल्या कुकीत हातानं लिहिला आणि पान लोड केलं. तिनं मला पडद्याचं छायाचित्र पाठवलं: दोन ब्राउझर शेजारी शेजारी, आणि दोन्हींच्या कोपऱ्यात तिचं नाव. खाली लिहिलं होतं, "मामा, पासवर्ड न टाकता आत गेले! आता हे बंद कसं करायचं?"