लॉग रोटेशन, घरगुती सर्व्हरवरील : दोष व निवारण

प्रोग्राम आपल्या कामाची नोंद ज्या फाइलींत सतत लिहीत असतात, त्या लॉग फाइली ठरावीक मुदतीने किंवा ठरावीक आकार झाल्यावर बाजूला काढणे, त्यांच्या जागी नवी फाइल सुरू करणे, जुन्या फाइली दाबून लहान करणे आणि त्यांतील सर्वांत जुनी टाकून देणे, ही आपोआप चालणारी व्यवस्था. लिनक्सवर हे काम बहुतेक ठिकाणी लॉगरोटेट हा प्रोग्राम करतो. ही व्यवस्था बंद पडली तर लगेच कळत नाही. डिस्क भरते, डेटाबेस लिहायचा थांबतो, फोटो चढत नाहीत, आणि मग शोध सुरू होतो. गोव्यात जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरून घरी चालवलेल्या सर्व्हरवर कुटुंबाचे फोटो, दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण, गावच्या जत्रेतील नाटकांची व भजनांची मुद्रणे असा ठेवा असतो. त्याची दुसरी प्रत अनेकदा कुठेच नसते, म्हणून हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

उगम : या तंत्राच्या अग्रक्रमाविषयी मतभेद आहेत. बर्कली युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीत रोज किंवा आठवड्याला चालणाऱ्या शेल स्क्रिप्टमधून (ओळीने आज्ञा लिहिलेल्या फाइलीतून) जुन्या फाइलींना शून्य, एक, दोन असे आकडे जोडून त्या एकेक घर मागे सरकवण्याची रीत होती, आणि आजची क्रमांक देण्याची पद्धत तिच्याशी जुळते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो स्वतंत्र साधन प्रथम कोणाचे, याविषयी. रोनाल्ड कार व लँडन कर्ट नोल यांच्या सेव्हलॉग या स्क्रिप्टवर १९८७ व १९८८ ही साले आढळतात. ती स्मेल या टपाल प्रोग्रामाच्या परिवारातून आली आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारात अजूनही मिळते. थिओडोर त्सो यांचा न्यूसिसलॉग हा मॅसॅचुसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अथेना प्रकल्पातला. तोही साधारण त्याच, म्हणजे १९८७ ते १९८९ च्या सुमाराचा धरतात. घोळात भर पडते ती सन कंपनीच्या सोलॅरिसमध्येही न्यूसिसलॉग याच नावाची एक छोटी शेल स्क्रिप्ट होती म्हणून. तिचा अथेनाच्या प्रोग्रामाशी नावापलीकडे संबंध दिसत नाही, तरी काही लेखांत दोन्ही एकच समजून कालक्रम मांडलेला असतो. सोलॅरिस ९ (२००२) मध्ये तिची जागा लॉगअ‍ॅडम या साधनाने घेतली.

केवळ सालांवर निकाल द्यायचा तर दोन्ही दावे जवळजवळ सारखेच ठरतात. मात्र प्रत्येक फाइलीचा नियम वेगळ्या नियम-फाइलीत लिहायचा आणि प्रोग्रामाने तो वाचून निर्णय घ्यायचा, ही आजची मुख्य कल्पना अथेनाच्या न्यूसिसलॉगमध्ये स्पष्ट आहे. सेव्हलॉगला फाइलीचे नाव दर वेळी हाती द्यावे लागते. त्यामुळे आजच्या पद्धतीचा पूर्वज म्हणून न्यूसिसलॉगकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. बर्कली युनिक्सच्या वंशातील फ्रीबीएसडी व तिच्या भावंडांत तो आजही वापरात आहे.

लॉगरोटेट हा रेड हॅट कंपनीतील एरिक ट्रोन व प्रेस्टन ब्राउन यांनी नव्वदीच्या दशकाच्या मध्यास लिहिला असे मानतात. त्याच्या जुन्या आवृत्त्या आपल्या स्थिती-फाइलीत (शेवटचे रोटेशन कधी झाले याच्या नोंदीत) १९९६ च्या आधीचे साल दिसल्यास ते चुकीचे ठरवत. प्रोग्राम अस्तित्वात येण्यापूर्वी त्याने रोटेशन केलेले असणे शक्य नाही, असा यामागचा विचार असावा. तसे असेल तर जन्मसाल १९९६ च्या आसपास पडते. पुढे ही मर्यादा १९७० पर्यंत मागे नेण्यात आली.

वेगळी धारणा डॅनियल बर्नस्टाइन यांच्या मल्टिलॉग या लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामात दिसते. लिहिणाऱ्यानेच आकार पाहून फाइल बदलावी, बाहेरच्या प्रोग्रामाने मागाहून हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. सिस्टमडी ही लिनक्सवरील सेवा सुरू करणारी व सांभाळणारी व्यवस्था; तिच्या २०११ मध्ये पुढे आलेल्या जर्नलने, म्हणजे लॉगच्या नोंदवहीने, हीच दिशा धरली. पुढे सांगितलेल्या दोषांपैकी निम्मे या पद्धतीत उद्‌भवतच नाहीत, हे बर्नस्टाइन यांच्या बाजूचे मोठे प्रमाण आहे.

उघडी फाइल : दोषांचे मूळ बहुधा येथे असते. युनिक्समध्ये प्रोग्राम फाइल एकदा उघडतो आणि नंतर तिच्या नावाकडे पाहत नाही. फाइलीचे नाव बदलले तरी तो त्याच फाइलीत लिहीत राहतो. त्यामुळे लॉगरोटेटने जुनी फाइल बाजूला सरकवून नवी रिकामी ठेवली आणि प्रोग्रामाला कळवलेच नाही, तर नवी फाइल शून्य बाइटची राहते आणि ‘.१’ शेपटीची फुगत जाते. हे लक्षण दिसले की नियमातील पोस्टरोटेट हा, रोटेशननंतर चालवायच्या आज्ञांचा, भाग पाहावा. सिसलॉग परिवारातील (प्रणालीचा लॉग लिहिणाऱ्या) प्रोग्रामांना सामान्यतः हँगअप हा संकेत, तर एंजिनएक्स या वेब-सर्व्हरला यूएसआर१ हा संकेत पाठवावा लागतो. संकेत मिळाल्यावरही प्रोग्राम काही क्षण जुन्या फाइलीत लिहितो, आणि तिला तेवढ्यात दाबायला घेतले तर त्या ओळी हरवतात. डिलेकॉम्प्रेस हा निर्देश त्यासाठी आहे. तो असला की एक फेरी जाईपर्यंत फाइल दाबली जात नाही.

नेहमीचा दुसरा प्रसंग म्हणजे जागा संपल्यावर मोठी लॉग फाइल हाताने पुसून टाकणे. फाइल यादीतून जाते, जागा मात्र सुटत नाही, कारण प्रोग्रामाने ती उघडी धरलेली असते. डीएफ ही आज्ञा डिस्क भरलेली दाखवते आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयू या आज्ञेची बेरीज तितकी येत नाही. या दोहोंतली तफावत हीच खूण. पुसलेल्या पण उघड्या फाइली एलएसओएफ या आज्ञेने सापडतात. संबंधित सेवा पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते. पुसण्याऐवजी फाइल जागच्या जागी रिकामी केली असती, तर हा खटाटोप वाचला असता.

ज्या प्रोग्रामांना संकेत कळत नाही त्यांच्यासाठी कॉपीट्रंकेट आहे. यात फाइलीची नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करतात. नक्कल पूर्ण होणे आणि फाइल रिकामी होणे यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी जातात. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून कमी परिचित दोष असा : प्रोग्रामाने फाइल ‘शेवटी जोड’ या प्रकाराने उघडलेली नसेल तर आपण कितव्या बाइटवर होतो हे त्याच्या लक्षात असते, आणि फाइल रिकामी झाल्यावरही पुढची ओळ तो तिथेच लिहितो. मधली सगळी जागा पोकळ राहते. यादीत फाइल पूर्वीइतकीच मोठी दिसते, डिस्कवर ती काही किलोबाइटच असते, आणि उघडून पाहावी तर सुरुवातीला नुसती शून्य-चिन्हे. आकारावर चालणारा नियम तिला दर फेरीला पुन्हा कापतो आणि जुन्या उपयोगी प्रती भराभर बाहेर ढकलल्या जातात. यावर लॉगरोटेटमध्ये उपाय नाही. उपाय प्रोग्राम कसा सुरू केला आहे तिथे करावा लागतो. शेलमधून एका बाणाने फाइलीत वळवलेले लेखन दोन बाणांनी वळवले की बहुधा भागते.

वीज, घड्याळ आणि स्थिती-फाइल : गोव्यात पावसाळ्यात वाऱ्याने फांद्या उघड्या तारांवर पडतात, वळवाच्या व परतीच्या पावसात विजा होतात, आणि सर्व्हर एका क्षणात बंद पडतो. लॉगरोटेट प्रत्येक फाइल शेवटी कधी फिरवली हे स्थिती-फाइलीत लिहून ठेवतो. डेबियनवर ती व्हार, लिब, लॉगरोटेट या मार्गाने स्टेटस या नावाने सापडते. पहिल्या ओळीत आवृत्तीचा उल्लेख, पुढे दर ओळीला अवतरणात फाइलीचा पूर्ण मार्ग आणि २०२४-७-९-६:२५:३ अशा धाटणीची तारीख-वेळ. आकड्यांपुढे शून्ये भरलेली नसतात, ती नाहीत म्हणून फाइल बिघडली असे समजू नये. ऐन लिहिताना वीज गेली तर ही फाइल रिकामी किंवा अर्धवट राहू शकते. पहिली ओळ बिघडल्याचा संदेश आला तर ती फाइल बाजूला ठेवून लॉगरोटेट पुन्हा चालवावा, तो नवी तयार करतो. मात्र ज्या फाइलीची नोंद नाही तिला तो पहिल्या फेरीत मुदतीच्या नियमाने फिरवत नाही, फक्त आजची तारीख टिपतो. दुरुस्ती केल्यावरही ‘काहीच झाले नाही’ असे वाटते ते यामुळे. शंका आल्यास सर्वप्रथम ही फाइल उघडून पाहावी, नियम-फाइलीत बदल करणे नंतरचे.

घड्याळाचा प्रश्न याला जोडूनच येतो. पाय ५ (२०२३) पूर्वीच्या रास्पबेरी पायमध्ये स्वतःचे घड्याळ नाही, आणि पाय ५ मध्ये असले तरी त्याला बॅटरी निराळी जोडावी लागते. वीज आल्यावर तो शेवटी टिपलेल्या वेळेपासून सुरू होतो आणि खरी वेळ इंटरनेटवरून घेतो. राउटर सुरू होऊन जोडणी मिळेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे जातात, तेवढ्यात रोटेशन झाले तर नव्या प्रतीवर मागची तारीख पडते. तारखेने नाव देणारा डेटएक्स्ट निर्देश असेल आणि त्या नावाची फाइल आधीच असेल, तर फेरी सोडून दिली जाते. उलट, स्थिती-फाइलीत पुढची तारीख राहिली तर अलीकडच्या आवृत्त्या सक्तीने रोटेशन करतात. सिस्टमडीमध्ये वेळ जुळेपर्यंत थांबणारी सेवा चालू करून लॉगरोटेट तिच्यामागे ठेवणे हा नेटका उपाय. सर्व्हरबरोबर राउटरलाही इन्व्हर्टरवर घेणे हा त्याहून सोपा.

सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर ठेवला असल्यास मध्यरात्रीची फेरी भारतात पहाटे साडेपाचला होते. हा दोष नव्हे, पण रात्रीची घटना शोधताना ती कालच्या फाइलीत आहे हे लक्षात असावे.

हाताने चालते, आपोआप नाही : ही तक्रार सर्वांत जास्त गोंधळात पाडते. अलीकडच्या डेबियनमध्ये रोजच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत) लॉगरोटेटची स्क्रिप्ट दिसते, पण सिस्टमडी असल्यास ती काही न करता परत फिरते आणि खरे काम सिस्टमडीचा टायमर करतो. टायमरखाली चालणाऱ्या सेवेला यूएसआर व एटीसी हे फोल्डर केवळ वाचता येतात आणि टेम्प फोल्डर तिचा स्वतःचा वेगळा असतो. त्यामुळे यूएसआर लोकलखाली बसवलेला प्रोग्राम आपल्याच फोल्डरात लॉग लिहीत असेल, तर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन हाताने दिलेली आज्ञा यशस्वी होते आणि रात्रीची फेरी रोज फसते. लॉग व्हारखाली हलवणे हेच बरे.

नियम-फाइल गटाला किंवा इतरांना लिहिता येण्याजोगी असेल तर ती दुर्लक्षिली जाते. लॉगचा फोल्डर रूटशिवाय इतर गटाला लिहिण्यास मोकळा असेल तर कोणत्या वापरकर्त्याच्या नावे काम करायचे हे सांगणारा एसयू हा निर्देश द्यावा लागतो. एकच फाइल दोन नियमांत आली तरी तक्रार येते. नियम-फाइलीच्या नावाला ‘बॅक’ किंवा ‘स्वॉप’ अशी शेपटी असली तर ती वाचलीच जात नाही. डी पर्यायाने कोरडी चाचणी घेता येते, तिने काहीही बदलत नाही.

भरलेली डिस्क : फाइल दाबायलाही जागा लागते. डिस्क पूर्ण भरल्यावर दाबण्याचे काम अर्ध्यात सुटते आणि अपुरी दाबलेली फाइल मागे राहते. पुढच्या फेरीत ‘फाइल आधीच आहे’ म्हणून काम अडते आणि जागा मोकळी केल्यावरही अडलेलेच राहते. अशी उरलेली फाइल नेमकी ओळखून काढावी. चवथीला शहरातला फ्लॅट बंद करून मंडळी मूळ गावी जातात, त्या दिवसांत हे हटकून लक्षात येत नाही. आखातात किंवा जहाजावर असलेल्यांना घरचे कॅमेरे दिसावेत म्हणून सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवला असेल, तर परक्यांच्या लॉग-इन प्रयत्नांनीच लॉग वाढतो. ठरावीक आकार झाला की रोटेशन करा असे सांगणारा साइझ हा निर्देश दिला तरी लॉगरोटेट दिवसातून एकदाच चालतो. दिवसभरात कितीही वाढ झाली तरी तो मध्ये येत नाही. टायमर तासाला केला तरच त्या निर्देशाचा पुरता उपयोग होतो.

कंटेनर : कंटेनर म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय. ती देणाऱ्या डॉकरचा लॉग लिहिण्याचा जेसन-फाइल हा मूळ प्रकार लॉगला कोणतीही मर्यादा घालत नाही. कमाल आकार व कमाल संख्या सेटिंगमध्ये द्यावी लागते, आणि ती नव्याने तयार केलेल्या कंटेनरांनाच लागू होते. जुना कंटेनर काढून पुन्हा बनवावा लागतो. नेक्स्टक्लाउड हा फोटो व फाइली ठेवण्याचा प्रोग्राम आपला लॉग १०० एमबीला स्वतः फिरवतो व एकच जुनी प्रत ठेवतो. सिस्टमडी जर्नल मुळात डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत, पण चार जीबीच्या आत राहते. डेबियन १२ (२०२३) पासून नव्या स्थापनेत सिसलॉग फाइल लिहिणारा आरसिसलॉग आपोआप येत नाही, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांत सांगितलेली सिसलॉग फाइल तिथे नसते.

जतनाची मुदत : भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद चमूच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या व शासकीय संस्था यांनी १८० दिवसांचे लॉग राखायचे आहेत. खासगी घरगुती सर्व्हर त्यात येत नाही. डेबियनचा मूळ नियम साप्ताहिक चार प्रतींचा आहे.