घरचा नॅस घेताना: आधी दुसऱ्या प्रतीचा हिशेब, मग पेटीचा

घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, लॅपटॉपवरच्या फायली आणि टीव्हीवर बघायचे चित्रपट एकाच जागी ठेवायचे, तर राउटरला जोडलेली डिस्कची पेटी, म्हणजे नॅस, हा उत्तम मार्ग आहे. निवडताना बहुतेकांची नजर आधी प्रोसेसरवर जाते. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा: यातलं काय गेलं तर पुन्हा मिळणार नाही? चित्रपट परत मिळवता येतो, मुलांच्या लहानपणीचे फोटो नाही.

समजा फोटो आणि कागदपत्रं १ टीबी आहेत, चित्रपट ३ टीबी. पुढच्या काही वर्षांची भर धरली, तर ८ टीबीच्या दोन डिस्क आणि दोन बेची, म्हणजे डिस्क बसवायच्या दोन खणांची, पेटी पुरते. जागा मोजताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि बऱ्याच संगणकप्रणाली १०२४ च्या, म्हणून ८ टीबीची डिस्क ७.२७ च्या आसपास दिसते. शिवाय डिस्क काठोकाठ भरू नये. ८० टक्क्यांपलीकडे गेलात की जागा वाढवायच्या तयारीला लागा.

एक डिस्क बिघडली तरी मजकूर वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र चालवण्याला रेड म्हणतात. त्यातली दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवण्याची पद्धत म्हणजे रेड १. एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि त्यातल्या एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी खर्च होते. रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी, म्हणून तिथे दोन डिस्क गेल्या तरी मजकूर वाचतो. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी ८ टीबीची डिस्क भरून निघायला सेकंदाला १५० एमबी वेग धरला तरी सुमारे १५ तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या, तितक्याच जुन्या डिस्क सलग राबतात. रेड ५ मध्ये दुसरी डिस्क नेमकी तेव्हाच गेली, तर सगळंच गेलं. म्हणून मोठ्या डिस्क चारपेक्षा जास्त असतील तर रेड ६ घ्या.

पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. चुकून खोडलेला फोटो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. विजेचा झटका किंवा चोरी झाली तर पेटीच जाते. बॅकअपसाठी ३-२-१ हा नियम धरावा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आपल्या उदाहरणात तर जपायचा मजकूर फक्त १ टीबी आहे. त्यासाठी २ टीबीच्या दोन साध्या यूएसबी डिस्क पुरतात. एक नॅसला लावा, दुसरी नातेवाइकांकडे ठेवा आणि दर महिन्याला अदलाबदल करा. पैसे कमी पडत असतील तर पेटी लहान घ्या, पण या दोन डिस्क वगळू नका.

डिस्क घेताना सीएमआर प्रकारची, म्हणजे नोंदींचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असलेली, आहे ना, हे माहितीपत्रकात पाहा. एसएमआर डिस्कमध्ये नोंदींचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलून पुन्हा मांडावी लागते, तसंच इथे होतं. त्यामुळे सलग लेखन सुरू झालं की वेग कोसळतो आणि रेड भरून काढताना डिस्क वेळेत उत्तर देत नाही; मग नॅस चांगल्या डिस्कलाही बाद ठरवू शकतो.

चित्रपटांसाठी गिगाबिट लॅन, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट वाहणारी घरातली वायरची जोडणी, पुरेसं आहे. फोर-के ब्लू-रेला सेकंदाला दीडशे मेगाबिटही लागत नाहीत. आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी, म्हणून फाइल कॉपी करताना सेकंदाला ११०च्या आसपास एमबी दिसायला हवेत. वेग ११-१२ वरच अडकला, तर आधी केबल बदलून पाहा: गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच, त्यामुळे एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप खालच्या वेगावर येते. दमदार प्रोसेसर लागतो तो ट्रान्सकोडिंगला, म्हणजे टीव्हीला न झेपणारा व्हिडिओ चालता चालता बदलून देण्याला. टीव्ही मूळ फाइल थेट चालवत असेल तर साधा प्रोसेसरही भागवतो.

स्नॅपशॉटची, म्हणजे फायलींची त्या त्या वेळची अवस्था टिपून ठेवण्याची, सोय असलेली पेटी मात्र आवर्जून घ्या. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइलप्रणालीत (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीत) ती मिळते, आणि खोडलेली किंवा बिघडवलेली फाइल कालच्या अवस्थेत परत आणता येते. बाहेरून फायली पाहण्यासाठी राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट) उघडू नका, व्हीपीएन, म्हणजे घराच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद जोडणी, वापरा. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसपेट्यांमधल्या फायलींनाच कुलूप लावलं होतं.

सगळं बसवून झालं की बॅकअपच्या डिस्कवरून एक जुना फोल्डर वेगळ्या संगणकावर परत घ्या आणि त्यातले चार-पाच फोटो उघडून पाहा. पासवर्ड हरवलेला असणं, भलताच फोल्डर निवडलेला असणं, बॅकअप कधीच थांबलेला असणं, हे सगळं इथेच उघडकीस येतं. ही तपासणी दर तीन महिन्यांनी करा.