लूसोना ही पेठ, न्यों ही कोलोनिया

रोमन काळातल्या वस्त्यांच्या दर्जासाठी विकुस आणि कोलोनिया असे लॅटिन शब्द आहेत. विकुस म्हणजे खेडं आणि कोलोनिया म्हणजे वसाहत, असं त्यांचं भाषांतर मराठीत पुन्हा पुन्हा दिसतं आणि दर वेळी खटकतं. दोन्ही शब्द वाचकाला चुकीच्या वाटेला लावतात. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या एकाच काठावर दोन्हींचे नमुने आहेत, तेच घेऊ.

कोलोनिया बहुतेकांना ठाऊक असते: निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं नगर. आजचं न्यों तसंच. इ.स.पू. 45च्या सुमारास घोडदळातल्या निवृत्तांसाठी ते वसवलं गेलं, म्हणून नाव कोलोनिया युलिया इक्वेस्ट्रिस. 'वसाहत' म्हटलं की आपल्याला गोऱ्यांचं राज्य आठवतं, त्यामुळे कोलोनिया हाच शब्द ठेवावा.

लोझानजवळ विदी इथे होती ती लूसोना, विकुस. खरी ठेच इथे लागते. लूसोनात फोरम म्हणजे मुख्य चौक होता, बॅसिलिका म्हणजे सार्वजनिक कामांचं मोठं सभागृह होतं, देऊळ होतं, काठालगतची वस्ती किलोमीटरभराहून लांब होती. एवढं पाहून लोक तिला बिनदिक्कत नगर म्हणून मोकळे होतात. पण फरक इमारतींचा नाही, आकाराचाही नाही. फरक हक्कांचा आहे.

कोलोनियाला स्वतःचा मुलूख, स्वतःची सभा, दर वर्षी निवडले जाणारे दोन मुख्य अधिकारी. तिथे वसवलेले लोक रोमन नागरिक. विकुसला यातलं काही नाही. लूसोना मोडायची हेल्वेती लोकांच्या मुलखात आणि त्यांचं मुख्य ठिकाण होतं अव्हेंटिकुम, आजचं आव्हांश. लूसोनाचे स्थानिक व्यवहार क्युरेटर, म्हणजे कारभारी, पाहायचा. पुब्लियुस क्लोडियुस प्रिमुस या क्युरेटरचा शिलालेख सापडला आहे. त्यात तो दोनदा क्युरेटर झाल्याचं नोंदवतो आणि हेल्वेती मुलखातल्या रोमन नागरिकांच्या मंडळाचाही क्युरेटर असल्याचं सांगतो. माझ्या मते या एका लेखात सगळं आलं. नागरिकांना वेगळं मंडळ करावं लागतं ते आजूबाजूचे सगळे नागरिक नसतात तेव्हाच.

मग हक्क नसताना एवढी भरभराट कशाने? पाण्याने. दक्षिणेकडची दारू, ऑलिव्हचं तेल, माशांचा आंबवलेला सॉस रोन नदीच्या वाटेने सरोवरात यायचा आणि लूसोनाला उतरायचा. तिथून थोडी खुष्कीची वाट, की पुढे पुन्हा नद्या-सरोवरांतून थेट ऱ्हाइनकडे. माल उतरवायचा, चढवायचा, वाहायचा, यावर गाव जगत होतं. सरोवरावरच्या नावाड्यांचा संघ होता, त्याचा उल्लेख लूसोनाच्याच शिलालेखात मिळतो. 'खेडं' या शब्दात शेत आणि गोठा येतो. धक्का आणि गोदाम येत नाही. ही पेठ होती, तिला पेठच म्हणावं.

चौथ्या शतकात लोक काठ सोडून टेकडीवर गेले. लोझानचं जुनं शहर म्हणतात ते हे. त्यामुळे रोमन लूसोना पाहायला तिथे चढू नका, खाली विदीला जा. न्योंच्या इमारतींचे दगड मात्र जिनिव्हाच्या तटबंदीत गेले.