वर्खकाम (चित्रचौकटींचे)

चित्रांच्या लाकडी चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवण्याची कारागिरी. युरोपात ती सुतार आणि नक्षी कोरणारे यांच्या कामाला जोडून वाढली. इटलीत १४००च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने तिची कृती लिहून ठेवली. आजचे वर्खकारही बव्हंशी त्याच वाटेने जातात.

वर्खाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतकी असते. खालचा बारीक ओरखडाही त्यातून उमटतो. म्हणून बहुतेक वेळ सोन्यावर नव्हे, अस्तरावर जातो. लाकडाला आधी सरस लावतात. मग सरसात कालवलेल्या खडूचे (इटलीत जिप्समचे) आठ-दहा हात देतात. त्याने कोरीव नक्षी बुजते, ती वाळल्यावर पुन्हा कोरून काढावी लागते. त्यावर ‘बोल’ ही लाल किंवा पिवळी चिकणमाती सरसात कालवून लावतात. पाण्यात थोडा मद्यार्क घालून ती ओलावली की मातीतला सरस पुन्हा चिकट होतो. वर्ख बोटांनी धरला तर चुरगळतो, म्हणून तो खारीच्या केसांच्या रुंद, पातळ कुंचल्याने उचलतात. त्यासाठी कुंचला आधी स्वतःच्या गालावरून फिरवतात. कातडीवरचा तेवढा तेलकटपणा पुरतो. शेवटी अकीक या गुळगुळीत दगडाने घोटून झळाळी आणतात. घाई केली तर वर्ख फाटतो, उशीर झाला तर ओप चढत नाही. ही वेळ हातालाच कळते. घोटण्यासाठी चेन्नीनीने कुत्र्याचे व लांडग्याचे दातही सुचवले आहेत.

तेलाच्या लेपावर बसवलेला वर्ख घोटता येत नाही, पण ऊन-पावसात टिकतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस खडू, सरस, राळ व जवसाचे तेल यांचा लगदा साच्यात दाबून नक्षी पाडू लागले. चौकटी स्वस्त झाल्या आणि कोरणाऱ्यांचे काम घटले. रुची बदलली की चित्राची चौकटही बदलली जाई, त्यामुळे मूळ जोड्या थोड्याच उरल्या. फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयातले मायकेलअँजेलोचे ‘तोंदो दोनी’ हे गोल चित्र मात्र आजही आपल्या मूळ कोरीव सोनेरी चौकटीत आहे.

जुन्या चौकटीच्या कडांवर सोने झिजून लाल माती डोकावते. तिच्यावर बाजारातला सोनेरी रंग फासू नये. त्यातली पितळेची पूड पुढे काळपट पडते. ओले फडकेही लावू नये, कारण पाण्यावर बसवलेला वर्ख पाण्यानेच सुटतो. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी.

१८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला आणि देवादिकांच्या रंगीत तसबिरी घरोघरी पोहोचल्या. आज अशा तसबिरींभोवती दिसणारी सोनेरी पट्टी बहुधा कारखान्यात चढवलेल्या फॉइलची असते, वर्खाची नव्हे.