ससाण्यासाठी बंद होणारी वाट

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर अकेडिया राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या शॅम्प्लेन डोंगरावर जाणारी प्रेसिपिस ट्रेल म्हणजे ट्रेकर्सची पंढरीच. उभ्या कातळात ठोकलेले लोखंडी गज आणि शिड्या धरून चढायचं. पण वसंतापासून साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन हंगामात, ही वाट बंद असते. त्या काळात कड्यावर बहिरी ससाण्याची वीण चालू असते.

हा पक्षी काड्यांचं घरटं बांधत नाही. कपारीतली माती आणि बारीक खडी उकरून उथळ खळगा करतो, त्यात मादी बहुधा तीन-चार अंडी घालते. महिनाभर उबवण, मग जवळजवळ सहा आठवडे पिल्लांचं संगोपन. कड्याखालच्या रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या तरी त्याचं फारसं बिघडत नाही. माणूस वरून किंवा कपारीच्या पातळीवर आला, की मात्र तो बिथरतो. 'केक्-केक्-केक्' असा कर्कश आरडाओरडा करत उठतो, अंगावर झेपावतो. तेवढा वेळ अंडी उघडी पडतात, आणि मेनमधला एप्रिल गारठ्याचा असतो. अगदी लहान पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही. थोडी मोठी झालेली पिल्लं घाबरली, तर पंखांत बळ येण्याआधीच कड्यावरून उडी टाकतात. एक गट पाच मिनिटांत पुढे निघून जातो, त्याला वाटतं काहीच झालं नाही. पण मागून दुसरा येतो, मग तिसरा, आणि पक्ष्याला दिवसभर अंड्यांवर नीट बसताच येत नाही.

अकेडियाला हे जपावंसं वाटतं, त्यामागे मोठा इतिहास आहे. डीडीटी या कीटकनाशकापासून पक्ष्याच्या शरीरात तयार होणाऱ्या डीडीई या रसायनामुळे अंड्यांच्या कवचाला पुरेसं कॅल्शियम मिळेना. कवचं इतकी पातळ झाली की उबवणाऱ्या आईच्या वजनानेच फुटू लागली. अकेडियातलं शेवटचं ज्ञात घरटं 1956 सालचं. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागातून या पक्ष्याची वीणच थांबली होती. 1972मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. 1984 ते 1986 या काळात पिंजऱ्यात जन्मलेली 22 पिल्लं अकेडियाच्या कड्यावर ठेवून वाढवली गेली. त्यांना खाऊ घालताना माणूस दिसणार नाही याची काळजी घ्यायची, नाहीतर खाऊ माणसाकडूनच मिळतो असं त्यांच्या डोक्यात बसतं. 1991मध्ये शॅम्प्लेनच्या कड्यावर पुन्हा पिल्लं उडाली.

मला या बंदीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती तिची लवचीकता. जोडी त्या कड्यावर बसलीच नाही किंवा वीण फसली, तर वाट लवकर खुली करतात. आणि पायथ्याशी उद्यानाचे लोक दुर्बिणी लावून उभे असतात. ज्याला वर जाता आलं नाही, त्याला तिथूनच ससाणा दाखवतात.

याच पक्ष्याची एक उपजाती, शाहीन ससाणा, आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर राहते. त्याची वीण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालते, आणि आपले क्लाइंबिंग, रॅपलिंगचे बेतही नेमके तेव्हाच. कड्यावर शाहीन ओरडत घिरट्या घालू लागला, तर कपार जवळच आहे असं समजावं आणि दोर गुंडाळून दुसरी बाजू धरावी. ड्रोन उडवू नये. कपारीचा फोटो ठिकाणासकट टाकूही नये, कारण मग पुढच्या रविवारी तिथे गर्दी होते.