शांततेचे दोन प्रकार

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात जातं आता परसात नुसतं पडून आहे, पण आजीला जात्यावरच्या ओव्या अजून तोंडपाठ आहेत. गेल्या दिवाळीत त्या लिनक्स ही संगणकप्रणाली असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर रेकॉर्ड करायला बसलो. आजी वीस मिनिटं गायली. फाईलही वीस मिनिटांची झाली, पण तिच्यात ओवी एकही नव्हती.

अशी मुकी फाईल पुसू नका. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि आवाजाची रेषा मोठी करून बघा. माईकमधला पातळ पडदा आवाजाने थरथरतो, त्यातून वीज कमीजास्त होते आणि साउंड कार्ड, म्हणजे संगणकातला आवाज सांभाळणारा भाग, ती सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतं. १६ बिटचं रेकॉर्डिंग असेल तर मोजपट्टीवर ६५,५३६ पायऱ्या असतात. खोली कितीही शांत असली तरी सर्किटमधल्या उष्णतेने इलेक्ट्रॉन हलत राहतात, त्यामुळे खालच्या एक-दोन पायऱ्यांवर चुळबुळ दिसतेच. म्हणून रेषा अगदी सपाट, शून्यावर असेल, तर बहुतेक वेळा माईक निर्दोष असतो. मोजणीच बंद असते किंवा भलत्याच कार्डावर चाललेली असते. बारीक खरखर असेल, तर मोजणी चालू आहे, फक्त आवाज तिथवर पोचत नाही.

सपाट रेषेवर उपाय सोपा. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाईप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर हा आवाजाच्या पातळ्या लावायचा प्रोग्रॅम उघडा, एफ-६ ने योग्य कार्ड निवडा, एफ-४ दाबून ‘कॅप्चर’वर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बाजूला, या. स्पेसबारने ते चालू होतं. मग पातळी वर चढवा.

आमच्या फाईलमध्ये मात्र खरखर होती. मी मोबाईलचा हेडफोन डेस्कटॉपच्या गुलाबी भोकात लावला होता. मोबाईलच्या पिनेवर चार पट्ट्या असतात आणि माईकची तार सहसा सगळ्यात मागच्या पट्टीला असते. गुलाबी भोक तीन पट्ट्यांचं. तिथे मागची पट्टी जमिनीला, म्हणजे अर्थिंगला टेकते. आजीचा आवाज तिथेच जिरत होता. माईक आणि हेडफोन वेगळे करणारी दुफाट्याची वायर लावली आणि पाच सेकंदांच्या चाचणीत आवाज उमटला. मोठ्या रेकॉर्डिंगआधी या पाच सेकंदांचा कंटाळा कधीच करू नये, विशेषतः गाणाऱ्या माणसाचं वय ऐंशीच्या पुढे असेल तेव्हा.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा गायली. ऑडॅसिटीत लाटा दिसत होत्या, स्पीकर मात्र गप्प. हा दोष वेगळा. लिनक्समध्ये कार्डाशी बोलतं ते अल्सा. त्याच्या वर कुठला आवाज कुठे जायचा हे पूर्वी पल्सऑडिओ ठरवायचं, आता बऱ्याच ठिकाणी पाइपवायर ठरवतं. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२२ मध्ये २२.१० आवृत्तीपासून तेच घेतलं. एचडीएमआयची, म्हणजे मॉनिटरला चित्र आणि आवाज नेणारी, वायर जोडली की आवाज कधी कधी मॉनिटरकडे वळतो, मग त्याला स्पीकर असोत वा नसोत. पाव्हूकंट्रोल हा आवाजाची वाट ठरवायचा प्रोग्रॅम उघडून ‘आउटपुट डिव्हाइसेस’मध्ये स्पीकर निवडले, आणि पहिली ओवी माजघरापर्यंत ऐकू गेली.