इनामगावची शेतकऱ्यांची घरं

इनामगाव म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी सापडलेलं ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची अवजारं वापरात होती त्या काळातलं, शेतकऱ्यांचं गाव. महाराष्ट्रात शेतकऱ्याचं घर शेकडो वर्षांत कसं बदलत गेलं हे मातीत वाचायचं असेल तर इथूनच सुरुवात करावी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे जवळपास १५ वर्षं इथे उत्खनन केलं, ह. धी. सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मुख्य मंडळी, आणि सविस्तर अहवाल १९८८ मध्ये आला.

आपल्याकडे शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात ना, ती पांढरी म्हणजेच पडलेल्या घरांची माती. कुडाचं घर पडलं की भिंत विरघळून जाते, लाकूड कुजतं, पण सारवलेली जमीन आणि खांबांचे खड्डे राहतात. खांब कुजल्यावर त्या खड्ड्यात वेगळ्या रंगाची भुसभुशीत माती भरते, म्हणून वरचा थर हळूच खरवडला की गोल डाग दिसतात आणि डागाला डाग जोडत गेलं की घराचा आराखडा तयार होतो. एका जमिनीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा जमिनी चढत जातात, आणि एखादा खड्डा नेमका कुठल्या जमिनीतून खाली खणलाय हे बघून आधीचं काय आणि नंतरचं काय ते ठरतं. फार चिकाटीचं काम आहे हे, एक थर चुकून कापला गेला की ती माहिती कायमची गेली.

सगळ्यात खालची घरं माळवा काळातली (मध्य भारतातल्या माळव्यावरून हे नाव), साधारण इ.स.पू. १६०० ते १४००. मोठी, आयताकृती, मधे आडभिंत, काही लोक मात्र जमिनीत खड्डा करून त्यावर छप्पर घालूनही राहत होते. त्यावर पूर्व जोर्वे, म्हणजे जोर्वे काळाचा सुरुवातीचा भाग, इ.स.पू. १४०० ते १०००. (जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातल्या गावावरून पडलं.) या काळात घरं साधारण ५ बाय ३ मीटरची, बुटक्या मातीच्या भिंतींची, ओळीने बांधलेली आणि मधे दीड मीटरची मोकळी वाट, म्हणजे गावाला आखणी आली होती. घरात चूल, धान्याला पेव आणि कणगीसाठी मातीचा ओटा. कुंभार वगैरे कारागीर पश्चिमेच्या कडेला आणि बरी परिस्थिती असलेले शेतकरी मधोमध. मधल्या भागातच पाच खोल्यांचं एक घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार सापडलं, ते गावच्या प्रमुखाचं असावं असं उत्खनन करणारे म्हणतात आणि मला ते पटतं, कारण सगळ्या गावाचं धान्य ज्याच्या दाराशी त्याच्याच हातात कारभार असणार.

आणि मग घर लहान होतं! उत्तर जोर्वे काळात, इ.स.पू. १००० ते ७००, चौकोनी घरांऐवजी छोट्या गोल झोपड्या दिसायला लागतात, चार-पाच एकत्र अशा, आत चार सपाट दगड, त्यावर चार पायांचा रांजण ठेवायला. ढवळीकरांनी याची तुलना आसपासच्या फासेपारधी लोकांच्या गोल झोपड्यांशी केली. पाऊस कमी होत गेला, शेती ढासळली, लोक शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर जास्त अवलंबून राहिले आणि अर्धे भटके झाले असं त्यांचं मत. पावसाचं कारण सगळ्याच अभ्यासकांना मान्य नाही, पण घर आकसलं हे तर जमिनीवर उघड दिसतं.

एक रीत मात्र मोठ्या घरात होती तशी झोपडीतही राहिली. गेलेल्या लहान मुलांना मडक्यात ठेवून, पुष्कळदा दोन मडकी तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. वरून जमीन पुन्हा सारवून घेत आणि घरचे त्याच जमिनीवर राहत.